आक्कांच्या ट्रॅक्टरचे उजवे चाक

मागच्या आठवड्यात तुमच्या बाबांनी फोनवर सांगितले की तुम्ही दोघांनी गवत कापायचे यंत्र खोलले, पुन्हा जोडले, आणि एक स्क्रू शिल्लक राहिला. यंत्र चालते आहे म्हणून तुम्ही तो टाकून देणार होतात म्हणे. कृपा करून टाकू नका. यंत्रातून काढून टाकलेल्या वस्तूविषयी मला स्वतःला एकदा चांगला धडा मिळालेला आहे. तो मी तुम्हाला कधी सांगितला नाही, कारण सांगण्यासारखी माझी शोभा त्यात काही नाही.

गोष्ट धायरीची. तुम्ही पाहिलीत ती धायरी उंच इमारतींची. मी सांगते आहे त्या वर्षांत सिंहगड रस्त्यावरून आत वळले की एका हाताला इमारतींचे सांगाडे आणि दुसऱ्या हाताला कोथिंबिरीचे वाफे दिसत. तुमच्या आजोबांचे घराणे तिथले, शेतकऱ्यांचे. आजोबा शिकून बँकेत लागले. मी शहरात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि पुढे जन्मभर इंग्रजीच शिकवली. आम्ही बिबवेवाडीला फ्लॅट घेऊन राहिलो. शेतावर राहिले ते आजोबांचे थोरले भाऊ आणि त्यांची पत्नी, म्हणजे माझी मोठी जाऊ. त्यांना मी आक्का म्हणत असे.

थोरले दीर गेले, आणि बरीचशी जमीन एकेक करून इमारतींखाली गेली. विहिरीलगतचे तीस गुंठे तेवढे उरले. ते आक्का स्वतः करत: मेथी, कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. बैल बांधायला जागा राहिली नव्हती, म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना छोटा ट्रॅक्टर घेऊन दिला. हा मुलगा म्हणजे तुमचा हिंजवडीचा काका. तो तेव्हा तिथे सॉफ्टवेअर कंपनीत नवा लागला होता. सकाळी कंपनीच्या बसने जाई आणि तिन्हीसांजेला दमून परत येई. आईने बांधावर बसून गडी लावून ट्रॅक्टर चालवून घ्यावा, अशी त्याची कल्पना. आक्कांनी महिनाभरात स्वतःच तो शिकून घेतला. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

आता चाकाकडे येते. एका वर्षी दिवाळी झाल्यावर आक्का रान तयार करायला लागल्या, आणि ट्रॅक्टरचे मागचे उजवे चाक त्रास देऊ लागले. मागे जोडलेला फाळ जमिनीत गेला की ते चाक जागच्या जागी गरगर फिरे. डावे तसेच थांबून राही. ट्रॅक्टर पुढे सरकतच नसे. अशा वेळी वापरायला सीटखाली पायाने दाबायचा एक दांडा असतो. तो दाबला की दोन्ही मागची चाके एकमेकांशी बांधली जातात आणि बरोबरच फिरतात. आक्कांनी तो दाबला. डाव्या चाकाने जमीन पकडली, उजव्याने पकडली नाही, आणि ट्रॅक्टर अंगाचे वजन टाकल्यासारखा उजवीकडे वळला. उजवीकडे शेजारच्या नव्या सोसायटीची कंपाउंडची भिंत होती. तिचा हातभर तुकडा आत पडला.

दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक गृहस्थ चहा पीत उभे होते. त्यांनी कप खाली न ठेवता सांगितले, "मावशी, थोडी भिंत शिल्लक ठेवा. आम्हाला अजून ताबा मिळायचाय."

आक्का खालूनच म्हणाल्या, "ताबा न्हाई तर तिथं काय करताय? उतरा खाली!"

तो प्रसंग हसण्यावारी गेला असता. पण त्याच इमारतीत काकाच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याने फ्लॅट घेतलेला होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळ्यांना कळले की ह्याच्या आईने ट्रॅक्टर भिंतीवर घातला. काकाने त्याच दिवशी निर्णय घेतला: ट्रॅक्टर द्यायचा. भोरकडचे एक गिऱ्हाईक ओळखीतून निघाले, ते येत्या रविवारी येऊन घेऊन जाणार होते. ट्रॅक्टर गेला की शेती आपोआप थांबणार, आणि तीस गुंठ्यांचे काय करायचे ते सोसायटी बांधणारा बिल्डर आधीच सुचवून गेला होता. त्याला पार्किंगला जागा हवी होती.

काकाने मला फोन केला. "काकू, तुम्ही आईला सांगा. तुमचं ऐकेल ती. ते चाक वगैरे काही नाही, तिला आता झेपत नाही."

तुम्हाला ठाऊक आहे, मला याद्या करायची सवय आहे. मी त्याला फोनवरच यादी दिली. आक्कांनी मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवला होता. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला होता. मला दोनदा तीच गोष्ट सांगितली होती. मी म्हटले, तुझे बरोबर आहे. मला खरोखरच तसे वाटत होते. आज आठवते ते असे, की एका माणसाला त्याच्या रानातून उठवायला मला तीन मुद्दे पुरेसे वाटले.

आक्कांना समजवायला मी आणि आजोबा गुरुवारी धायरीला गेलो. मी काही बोलायच्या आधीच आक्कांनी एका पिशवीतून ट्रॅक्टरबरोबर आलेले पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. ते इंग्रजीत होते.

"मास्तरीणबाई, ह्यात चाकाचं काय लिहिलंय ते वाच. मला ठाऊक हाय मी काय केलं ते. चाकात काय झालं ते मला ठाऊक न्हाई."

मी पुस्तक घेतले ते चाकातला दोष शोधायला नव्हे. दोष नाही हे एकदा पद्धतशीर सिद्ध झाले की आक्कांचा हट्ट आपोआप संपेल, असा माझा हिशेब होता. पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता होता: डावीकडे तक्रार, मधे कारण, उजवीकडे उपाय. मी त्यातले चाकाशी संबंधित सगळे मराठीत एका कागदावर उतरवून काढले आणि आम्ही तिघे ट्रॅक्टरपाशी गेलो.

पहिला मुद्दा, चाकाचे नट. आजोबांनी पान्याने एकेक नट पाहिला. सगळे घट्ट. मी खूण केली. दुसरा, टायर झिजणे. दोन्ही टायरवरच्या जाड कंगोऱ्यांमध्ये मी बोट घालून पाहिले. दोन्हीकडे बोटाचे तेच पेर आत जात होते. तिसरा, टायर उलटे बसवलेले असणे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर बाणाच्या टोकासारखी नक्षी असते, आणि ते टोक वरून पाहताना पुढे असावे लागते. उलटे बसवले तर चाक माती धरत नाही. हे मला त्या दिवशीच कळले. दोन्ही बाण पुढे होते. चौथा, हवा. आजोबांनी हवा मोजली. ठीक.

"झालं वाचून?" आक्कांनी विचारले.

"अजून एक आहे. ब्रेक."

ह्या ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक होते. एक अडकून बसला की ते चाक धरले जाते आणि सगळी शक्ती दुसऱ्या चाकात जाऊन ते नुसतेच फिरत राहते, असे पुस्तकात होते. म्हणजे दोष दिसतो उजवीकडे पण असतो डावीकडे. मला ते फार पटले. आजोबांनी जॅक लावून आधी उजवे चाक जमिनीवरून उचलले. आक्कांनी हाताने ढकलले. चाक एका हाताने सहज फिरले.

मग जॅक डावीकडे नेला. डावे चाक उचलले. आक्कांनी ढकलले तर ते जेमतेम हलले. त्यांनी दोन्ही हात लावले. चाक सावकाश फिरायला लागले, आणि आतून आवाज आला. हंडा डोक्यावर घेऊन चालताना येतो तसा, डुबुक डुबुक.

मला इतका आनंद झाला की मी हातातला कागद हलवायला लागले. "सापडलं! आक्का, सापडलं! ह्या चाकात पाणी शिरलंय. म्हणून जड झालंय. उजव्यातसुद्धा शिरलं होतं, पण ते मी वेळेवर काढून टाकलं."

आक्कांचे हात चाकावर तसेच राहिले. "कधी काढलंस?"

"तुम्ही भाचीच्या लग्नाला गेला होतात तेव्हा. पंक्चर झालं होतं ना."

तेव्हाचे सांगते. आक्का आठ दिवस माहेरी गेल्या होत्या आणि घर राखायला आम्ही धायरीला राहिलो होतो. शेजारच्या बांधकामावरचा खिळा उजव्या चाकात घुसला. दोन दिवस पाऊस पडून गेला होता, त्यामुळे चाकाखालची ओल मला पावसाचीच वाटली. आजोबा पेन्शनच्या कामाला गेलेले. मी बांधकामावरच्या मजुरांकडून चाक उतरवून, टेम्पोत घालून आमच्या बिबवेवाडीच्या ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे नेले. त्याचे सगळे आयुष्य स्कूटर आणि मोटारींत गेलेले. त्याने ट्यूब काढली आणि म्हणाला, "आजी, आत पाणीच पाणी आहे." मी म्हटले, "पावसाचं शिरलं असेल. सगळं काढा, नीट कोरडं करा, आणि मगच हवा भरा." मी तिथे उभी राहून ट्यूब दोन्ही बाजूंनी उचलून घ्यायला लावली होती. आक्का परत आल्यावर मी त्यांना पंक्चर काढल्याचे सांगितले. पाण्याचे सांगण्याइतके मला ते महत्त्वाचे वाटले नाही.

"सगळं काढलंस?" आक्कांनी विचारले.

"थेंबसुद्धा ठेवला नाही," मी म्हटले. ह्या वाक्याचा मला तोपर्यंत अभिमान होता.

आक्का खाली मातीत बसल्या. मला वाटले त्यांना चक्कर आली. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि मग त्यांना हसू आवरेना. आजोबा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते.

"अहो भावजी," त्या आजोबांना म्हणाल्या, "ते पाणी ट्रॅक्टर आणला त्या दिवशीच भरून घेतलंय, दोन्ही चाकांत. वजनाला! ट्रॅक्टर हलका, आपली माती भुसभुशीत. वजन नसलं की चाक माती धरत न्हाई. हिनं एका चाकातलं उपसलं आन् एकातलं ठेवलं."

मी पुस्तक उघडले. चाकात पाणी भरण्याचे पान त्यात होते. आकृतीसह होते. ते दोषांच्या तक्त्यात नव्हते, जादा वजनांच्या प्रकरणात होते, आणि ते प्रकरण ज्यांनी जादा वजने विकत घेतली त्यांच्यासाठी आहे असे समजून मी वगळले होते. चाळीस वर्षे मी मुलांना सांगत आले होते की प्रश्नाचे उत्तर प्रश्नाखालीच असेल असे नाही, सगळा उतारा वाचा.

"शाळेत उत्तर चुकलं की काय करायचीस पोरांना?" आक्कांनी विचारले.

"पट्टी मारत असे. हातावर."

"मग कर हात पुढं."

मी खरोखरच हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि त्याच्या आधाराने मातीतून उठल्या.

पाणी भरायला तासभर लागला. उजवे चाक उचलून, हवा भरायचे तोंड अगदी वर येईल असे फिरवून, आतली पिन काढून टाकीची बारीक नळी त्यावर घट्ट धरायची. पाणी आत गेले की आतली हवा अडते, म्हणून मधून मधून नळी काढायची. फुस्स करून हवा गेली की पुन्हा लावायची. नळी मी धरली. सहज तीन-चार कळशा पाणी गेले असेल. तोंडातून पाणीच बाहेर यायला लागले तेव्हा पिन बसवली आणि आजोबांनी पायपंपाने हवा भरली. आक्का ट्रॅक्टरवर बसल्या आणि फाळ टाकून एका दमात विहिरीपर्यंत जाऊन आल्या. उजव्या चाकाने पाठीमागे स्वच्छ, दाबलेली नक्षी सोडली होती. मी ती बराच वेळ पाहत उभी होते.

आम्ही निघालो तेव्हा आक्का म्हणाल्या, "रविवारी लेकाला तू सांग. माझ्या तोंडून त्याला खरं वाटायचं न्हाई."

दोन दिवस मी काय वाक्य बोलायचे ते ठरवत होते. मला सोपे वाटेल असे एकही वाक्य जमले नाही.

रविवारी गिऱ्हाईक वेळेच्या आधीच आलेले होते, टोपी घातलेले, शांत गृहस्थ. काका त्यांना ट्रॅक्टरभोवती फिरवून दाखवत होता. मी तिथे जाऊन दोघांसमोरच सांगितले. पंक्चर, पाणी, सगळे. गिऱ्हाईक ऐकता ऐकता तोंडावर उपरणे धरून हसू लपवायला लागले.

काकाने शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे चाक आता ठीक आहे. चांगलंच झालं, यांनाही चांगला मिळेल. पण काकू, प्रश्न चाकाचा नाही ना. तुम्हीच नाही का मला सांगितलंत फोनवर, आईला आता झेपत नाही म्हणून?"

आक्का बांधापाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. दोन दिवस मी चाकाच्या चुकीची कबुली तयार करत होते. ही दुसरी माझ्या लक्षातही आली नव्हती.

"काय काय सांगितलंस?" त्यांनी विचारले. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

मी सांगितले. गॅस. चष्मा. तीच गोष्ट दोनदा. समोर उभे राहून सांगताना ती यादी फार लहान वाटली.

आक्कांनी ऐकून घेतले आणि मुलाकडे वळल्या. "गॅस राहिला, खरं हाय. चष्म्याचं खरं हाय. गोष्ट दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा तुम्ही कुणी नीट ऐकत न्हाई. जिथं चुकले तिथं चुकले. पण भिंतीवर मी न्हाई गेले. ते माझ्या नावावर कशापायी लावताय?"

"आई, मी तुझ्या काळजीनं…"

"काळजी कर की. माझ्या माघारी करू नको."

आक्का ट्रॅक्टरवर चढल्या. भिंतीकडची पट्टी भिंत पडली त्या दिवसापासून नांगरायची राहिली होती. त्यांनी ट्रॅक्टर तिकडेच घेतला. काकाला काय वाटले कोणास ठाऊक, तो ऑफिसच्या बुटांनिशी ढेकळांतून त्यांच्या बरोबर चालू लागला, उजव्या चाकाकडे पाहत. भिंतीपासून दोन हातांवरून आक्का सरळ गेल्या, टोकाला फाळ उचलून वळल्या, सरळ परत आल्या. गॅलरीत बरीच मंडळी जमली होती.

गिऱ्हाईक माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "ताई, ट्रॅक्टर चांगला हाय. पन हा काय मिळायचा न्हाई आपल्याला." चहा घेऊन, मेथीच्या दोन जुड्या घेऊन ते भोरला गेले. पडलेली भिंत काकाने सोसायटीला बांधून दिली.

आक्कांनी मला त्या यादीबद्दल पुन्हा कधी काही विचारले नाही. मला ते अवघड गेले. विचारले असते तर मी क्षमा मागितली असती. त्यांनी संधीच दिली नाही, आणि मी ती स्वतःहून शोधायला हवी होती. संक्रांतीला तीळगूळ देताना मी एकदा सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "वडी कडक झालीय तुझी," आणि तो विषय तिथेच संपला. त्यानंतर मी त्यांच्याविषयी कोणाशीही, अगदी आजोबांशीसुद्धा, त्या समोर नसताना असे काही बोलले नाही जे त्यांच्यासमोर बोलता आले नसते. ही शिस्त मला सोपी गेली असे समजू नका.

आक्कांनी पुढे चार वर्षे ती जमीन केली. मग एका आषाढात, पेरणीच्या तोंडावर, त्यांनी काकाला कामावर असताना फोन केला. मोबाइल तेव्हा त्यांना नुकताच आला होता आणि त्या त्यात ओरडून बोलत. काकाला वाटले काही अपघात झाला. तो अर्धा दिवस रजा टाकून आला. मीही त्या दिवशी तिथेच होते. आक्का ओट्यावर बसल्या होत्या.

"क्लच दाबताना गुडघा कळ मारतो," त्या म्हणाल्या. "काल दोनदा पाय वेळेवर उचलला न्हाई. आता कुणाला द्यायचा ते बघू."

काका त्यांच्यापाशी खाली बसला. "आई, गुडघ्यावर इलाज करू. लगेच द्यायला पाहिजे असं नाही."

"न्हाई. आता मीच सांगते हाय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी कमरेची ट्रॅक्टरची चावी काढून त्याच्या हातात दिली. तो ती हातात धरून तसाच बसून राहिला, आणि आक्कांनी सूप पुढे ओढून मेथी निवडायला घेतली. थोड्या वेळाने मीही सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसले.